मावशीचं उदाहरण देऊ नका

गेल्या रविवारी नाइट संपवून बसथांब्यावर उभी होते. पावसाची झिमझिम चालू होती, साडेबारा तासांनी पाय भरून आले होते. फोन उघडला तर घरच्या ग्रुपवर दाजींचा भलामोठा मेसेज. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी, माझी भाची, सोलापुरातच एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या प्रबंधाचा विषय अडलाय, गाईड सही करत नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यावर दाजींनी लिहिलं होतं, ‘नर्सनी रिसर्च करून काय उजेड पडणार आहे? गाईड सांगतील तो विषय घे, डिग्री पदरात पाड, ओईटीची इंग्रजी परीक्षा दे आणि बाहेर जा. खरा रिसर्च तिकडं होतो, आपल्याकडं नुसते कागद रंगवतात. मावशीकडं बघ. कागद रंगवत बसली असती तर आज तिकडं असती का?’ खाली सात अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा.

बर्मिंगहॅमला येऊन मला नऊ वर्षं झाली. घरच्यांची बोलणी एवढ्या लांबून ऐकायची सवय झाली आहे. पण हे मनाला लागलं, कारण एका पोरीचं तोंड बंद करायला माझं नाव वापरलं होतं. घरी आले, न जेवता पडले, आणि झोप काही आली नाही.

भाचीचा विषय आधी सांगते. बाळंतिणींच्या वॉर्डात रात्री चार्टवर लिहिलेलं बीपी आणि प्रत्यक्ष घेतलेलं बीपी यांत किती अंतर असतं? बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बीपी चढून बाईला झटके येऊ शकतात, म्हणून ठरलेल्या तासांनी ते बघायचं असतं. पोरीने पोस्टिंगमध्ये पाहिलं ते असं: रात्री दहा, दोन आणि सहा या तिन्ही रकान्यांत पहाटे पाचच्या सुमाराला, एकाच पेनाने, एकाच दमात आकडे पडतात. १२०/८०, ११०/७०, १२०/८०. वॉर्डात चाळीसहून जास्त बाळंतिणी, त्यांची बाळं वेगळी, आणि सिस्टर एकटी. कोणती बाई खरोखर मोजली जाते, कोणती सुटते, सुटते ती का सुटते, हे तिला रात्री जागून, घड्याळ लावून नोंदवायचं आहे.

गाईडचं म्हणणं, हॉस्पिटल परवानगी देणार नाही, आणि दिली तरी बदनामी आपल्याच बायकांची. त्यापेक्षा ‘अमुक विषयावरील स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता’ घे. ज्यांनी नर्सिंग केलंय त्यांना हे शीर्षक पाठ असेल. साठ नमुने, प्री-टेस्ट, तक्ते दाखवून पाऊण तासाचं शिकवणं, सात दिवसांनी पोस्ट-टेस्ट, ज्ञान वाढलं, पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी, म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशोबाने फरक पक्का. लायब्ररीत अशा प्रबंधांची, मरून रंगाच्या बाइंडिंगची रांगच्या रांग असते. त्या रांगेने कोणाच्या पोटातलं पाणी हललेलं मी कधी पाहिलं नाही. तेव्हा कागद रंगवण्याबद्दल दाजी बोलले त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यावर त्यांनी काढलेला उपाय मला संतापजनक वाटतो. पोरगी पहिल्यांदाच खरा प्रश्न घेऊन आलीय आणि तिला सांगितलं जातंय, तू रांगेत उभी राहा.

‘खरा रिसर्च तिकडं होतो.’ हे वाक्य सोलापुरात मी लहानपणापासून ऐकते. चांगली चादर सोलापूरची, चांगली चटणी सोलापूरची, पण चांगलं औषध मात्र बाहेरचं. तिकडं जे ठरेल ते आपण आणायचं आणि वापरायचं. असं आंधळेपणाने आणलं की काय होतं, याचं उत्तर दिलंय ते आफ्रिकेतल्या मुलांनी. ताप, अंग गार पडलेलं, नाडी क्षीण, असं मूल आलं की सलाईन भराभर चढवायचं, हे आपण सगळ्यांनी श्रीमंत देशांच्या पुस्तकातून शिकलेलं. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या रुग्णालयांनी ते तपासून पाहायचं ठरवलं. ‘फीस्ट’ नावाची ती चाचणी, ३१४१ मुलं, निकाल २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. भराभर सलाईन दिलेल्या दोन गटांत ४८ तासांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं दगावली, हळूहळू दिलेल्या गटात ७.३ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. ज्या वॉर्डात आयसीयू नाही, व्हेंटिलेटर नाही, मलेरिया आणि रक्तक्षय घेऊन मूल येतं, तिथे तिकडचं पुस्तक मूल मारत होतं. हे कळलं कुठे? त्याच वॉर्डात. लंडनला बसून ते कोणाच्या लक्षात आलं नसतं.

दुसरं एक. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोरोनात घरोघरी आला, आमच्या आईच्या उशालाही होता. तो काळ्या कातडीवर आकडा जास्त दाखवतो, असं २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी लिहिलं. रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी असताना यंत्र मात्र ठीक सांगतंय, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा घडलं, काळ्यांत ११.७ टक्के. ज्यांच्यावर यंत्र नीट तपासलं गेलं नाही, त्यांना ते फसवतं. यापेक्षा सोप्या भाषेत दाजींना मला सांगता येत नाही.

आता माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट. मी मॅटर्निटीच्या ऑपरेशन थिएटरला काम करते, इथल्या पगारश्रेणीत बँड सिक्स. आमच्याकडे दर महिन्याला टीचिंग असतं. एकदा एक मिडवाइफ पांढऱ्या पाकिटातून प्लास्टिकची घडी काढून टेबलावर पसरवू लागली. पारदर्शक कागद, बाळंतिणीच्या कमरेखाली सारायचा. पुढच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी, खाली लोंबणारी, आणि तिच्यावर मिलीलिटरच्या रेघा. बाळ झाल्यावर रक्त त्या पिशवीत साठतं आणि उभ्या-उभ्या वाचता येतं. ३०० च्या रेघेला सावध व्हायचं, ५०० ला थांबायचं नाही: गर्भाशय चोळणं, गर्भाशय आकसण्याचं इंजेक्शन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी, सगळं एका मागोमाग एक नव्हे तर एकदमच. ‘ई-मोटिव्ह’ म्हणतात त्याला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, दोन लाखांवर बाळंतपणं, निकाल २०२३ चा. जादा रक्तस्राव वेळेवर ओळखला जाण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ वर गेलं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची वेळ किंवा त्याने मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं.

सगळे ऐकत होते, मी त्या पिशवीकडे बघत होते. ही पिशवी मला माहीत होती. अशी पिशवी बेळगावला बनली आहे. सोलापूरहून विजापूरमार्गे सकाळच्या गाडीने निघालं तर दिवेलागणीपर्यंत पोचता येईल, तिथे. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर बेळगाव जिल्ह्यात खेड्यातल्या १६२० बाळंतिणींवर गर्भाशय आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळीची चाचणी केली. ती २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. गोळी मिळालेल्या बायकांत जादा रक्तस्राव ६.४ टक्के, न मिळालेल्यांत १२ टक्के. आणि बाळंतपणं केली कोणी? एएनएम, म्हणजे गावच्या उपकेंद्रावरच्या नर्सबायकांनी. गोळी त्यांनी दिली, रक्त त्यांनी मोजलं. रक्त मोजायला काहीतरी हवं म्हणून ही नरसाळ्याची पिशवी. डोळ्यांच्या अंदाजाने लिहिलेलं रक्त पिशवीत मोजलेल्या रक्तापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी भरतं, हेही बेळगावलाच दाखवून दिलं गेलं.

मी ज्या वॉर्डात शिकले तिथे केसपेपरवर आम्ही लिहायचो, ‘रक्तस्राव: साधारण’. खाटेखालची बादली, भिजलेल्या घड्या, लादीवर सांडलेलं, हे सगळं मिळून एक शब्द. साधारण. इथे आता मी प्रत्येक भिजलेला स्वॅब, म्हणजे रक्त टिपायची घडी, काट्यावर टाकते, कोरड्याचं वजन वजा करते, एक ग्रॅमला एक मिली धरून फळ्यावर लिहिते. किती नेमकं काम आहे आमचं, असा अभिमान वाटतो मला, आणि तो मी लपवणार नाही. पण त्या दिवशी टीचिंगमध्ये माझा हात वर गेला आणि मी सांगितलं की याची मुळं माझ्या गावाच्या शेजारची आहेत. मिडवाइफने मनापासून ‘हाऊ लव्हली’ म्हटलं. मग पुढची स्लाइड.

आमच्या थिएटरच्या कपाटात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या कुप्या असतात. बाळंतपणाच्या रक्तस्रावात ते जीव वाचवतं हे ज्या ‘वुमन’ चाचणीने दाखवलं, त्यात २१ देशांतल्या वीस हजार बायका होत्या, बहुतेक आफ्रिका आणि आशियातल्या. तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले. बर्मिंगहॅमच्या बाईला ते इंजेक्शन देताना मला लाहोरची, लागोसची कोणतीतरी बाई आठवते. तिला मी कधी पाहिलेलं नाही.

हे सगळं मी दाजींना लिहिलं. चांगलं सविस्तर लिहिलं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं: ‘ई-मोटिव्ह कोणी केलं? बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीने. पैसे कोणाचे? गेट्स फाउंडेशनचे. वुमन ट्रायल लंडनहून चालली. बेळगावला पण अमेरिकन होते म्हणतेस. म्हणजे बायका आपल्या आणि नाव त्यांचं. मी दुसरं काय म्हणत होतो?’

दाजी इंटरनेट वाचतात. आणि बोलतात ते खोटं नव्हतं. मला राग आला तो बहुतेक त्याचाच.

पण सगळंच तसं नाही. गडचिरोलीला डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी कोणाच्या पुस्तकातून प्रश्न उचलला नव्हता. राणी बंगांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांना तपासलं, ९२ टक्क्यांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. १९८९ साली ते लॅन्सेटमध्ये आलं तेव्हा जगाचं कुटुंबकल्याण फक्त पाळणा लांबवण्यात गुंतलं होतं. मग त्यांनी ३९ गावांतल्या बायकांना तान्ह्या बाळाला घरी सांभाळायला शिकवलं, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला, इंजेक्शन द्यायलासुद्धा. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली छापून आलेल्या या कामातला बराचसा भाग आज देशभर आशाताई करतात. त्या गावातली बाई डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती, तरी तिने टिपलेल्या नोंदींवर ते सगळं उभं आहे. आणि एम.एस्सी. झालेल्या आमच्या मुलीने मात्र बीपीचा रकाना तपासायचा नाही?

दाजींना वाटतं, पोरीचा प्रश्न म्हणजे सिस्टरांची चहाडी आहे. मी उलट म्हणते. युरोपातल्या नऊ देशांतल्या चार लाखांवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांनी २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. २०२१ मध्ये चिलीच्या रुग्णालयांतही तसंच निघालं. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयात जनरल वॉर्डला तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. चाळीस बाळंतिणींमागे एक सिस्टर असेल तर पहाटे पाचला रकाने भरणारी ती बाई चोर नाही. तिच्या हातात एका रात्रीत जेवढं मावतं तेवढं तिने केलं, उरलेलं कागदावर केलं, कारण कागद मोकळा राहिला तर सकाळी बोलणी तिलाच बसतात. हे घड्याळ लावून कोणी दाखवलं तर जागा भरायला सांगता येईल. चिलीत दाखवता येतं, सोलापुरात का नको?

इथे कोणी नर्सला विचारत नाही की तुला रिसर्च कशाला. आमच्याकडे रिसर्च नर्स ही पोस्टच आहे. जांभळ्या पट्टीचं आयकार्ड लावून ती सकाळी हँडओव्हरला येते, कन्सेंट घेते, रक्त नेते. माझ्याबरोबर आलेली केरळची एक मैत्रीण आता बँड सेव्हन आहे. सोलापुरात गेल्या दिवाळीला मी हे जेवणाच्या ताटावर सगळ्यांना सांगितलं होतं. शेंगा चटणी, कडक भाकरी, आणि माझं बर्मिंगहॅम. दाजी लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी त्यातून काय ऐकलं ते आता कळतंय.

आणि हे सांगताना मी जे सांगितलं नव्हतं तेही लिहिते. या देशात गरोदरपणात आणि त्यानंतर मरणाऱ्या बायकांची दरवर्षी चौकशी होते. त्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की आशियाई बाईचा धोका गोऱ्या बाईपेक्षा जास्त आणि काळ्या बाईचा त्याहूनही जास्त आहे. स्वॅब सगळ्यांचे मोजतो आम्ही. तरीही. आणि आमच्या ड्युटीच्या यादीवरची नावं वाचली तर केरळ, घाना, फिलिपिन्स, झिंबाब्वे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जगातल्या परिचारिकांचा हिशोब मांडला: ५९ लाख कमी, आणि त्यातला ८९ टक्के तुटवडा गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत. आठातली एक परिचारिका जन्माचा किंवा शिक्षणाचा देश सोडून दुसरीकडे काम करते. त्या आठवीचं नाव मला ठाऊक आहे. भाचीच्या वॉर्डातल्या त्या एकट्या सिस्टरशेजारी आज जी दुसरी उभी असायला हवी होती, तिचंही.

सोलापूरच्या माणसाला परदेश म्हटलं की डॉ. कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. गावात त्यांचं स्मारक आहे. त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान परिचारिका होत्या, हे मला खूप उशिरा, इथे आल्यावर वाचताना कळलं. तेव्हापासून स्मारकाचा विचार आला की त्या डोळ्यांसमोर येतात. कोटणीस गेले ते जिथे डॉक्टर कमी होते तिथे. मी आले ती जिथे पगार जास्त होता तिथे. दोन्हीला गावात ‘फॉरेनला गेले’ असंच म्हणतात.

बुधवारी मला सुट्टी होती. भाचीला फोन लावला. तिला बळ द्यायचं, हिंमत सोडू नकोस म्हणायचं, असं मनाशी ठरवून लावला. ती म्हणाली, ‘मावशी, तुझा प्रबंध काढून वाचायलेय मी. लायब्ररीत सापडला. एक विचारू का? तुझ्या टेबलात पोस्ट-टेस्टला साठच्या साठ बायका आहेत. कसं जमवलीस? माझ्या वर्गातल्या पोरींना बायका दुसऱ्यांदा भेटतच नाहीत.’

माझा प्रबंध विडी कामगार महिलांवर होता. विषय रक्तक्षयाबद्दलचं ज्ञान, अर्थातच स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम. पूर्व भागात आमचं घर, शेजार सगळा विडी वळणाऱ्या पद्मशाली बायकांचा, मला मोडकंतोडकं तेलुगू येतं, म्हणून गाईडनी तो विषय दिला. दुपारी मी ओसरीवर जायची. बायका भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. माझ्या प्रश्नांची उत्तरं देताना त्यांची बोटं थांबत नसत. पान घ्यायचं, चिमूट पसरायची, वळायचं, दोरा मारायचा, टोक नखाने आत दाबायचं. एकीने मला विचारलं, ‘किती वेळ चालतंय हे?’ म्हटलं, तासभर. तिने मान न वर करता हिशोब केला, ‘म्हणजे शंभर विड्या.’ पालेभाजी खावी, गूळ-शेंगदाणे खावेत, गोळी घ्यावी, हे तिला प्री-टेस्टलाच माहीत होतं. ती म्हणाली, ‘माहीत हाय की. आनायचं कशानं ते शिकवा.’ माझ्या प्रश्नावलीत त्याला रकाना नव्हता.

सात दिवसांनी परत गेले तेव्हा अकरा जणी भेटल्या नाहीत. कोणी कारखान्यात माल द्यायला गेलेली, कोणी गड्ड्याच्या जत्रेसाठी आलेल्या पाहुण्यांत, कोणी समोर असूनही ‘आज नको’ म्हणाली. पुन्हा गेले, पुन्हा नाहीत. गाईड म्हणाल्या, साठ म्हणजे साठ. व्हायवा तोंडावर, आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तारीख त्याच आठवड्यात. मी घरी बसून त्या अकरा जणींचे फॉर्म भरले. वेगवेगळ्या पेनांनी. एकदोन उत्तरं मुद्दाम चुकीची टाकली, खरं वाटावं म्हणून. ज्ञान वाढलं. पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी.

पहाटे पाचला १२०/८० लिहिणाऱ्या सिस्टरमागे चाळीस बाळंतिणी होत्या. माझ्यामागे कोणीही नव्हतं.

हे मी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्या दिवशी फोनवर भाचीला सांगितलं. दाजी म्हणतात तो रंगवलेला कागद हाच, आणि तो रंगवूनच मी इथे आले. कागद रंगवत बसली असती तर तिकडं असती का, असं त्यांनी लिहिलं होतं ना? बसले होते. आणि आले. म्हणून मला त्यांच्या मेसेजने झोप येत नव्हती.

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘त्या अकरा जणी सोडल्या असत्यास आणि एकोणपन्नास लिहिली असतीस तर काय झालं असतं?’ काहीच झालं नसतं. अकरा बायका का आल्या नाहीत हे लिहिलं असतं तर तेवढंच एक पान त्या प्रबंधात वाचण्यासारखं झालं असतं.

मग आम्ही तिच्या विषयावर दोन तास बोललो. मी म्हटलं, सिस्टरचं नाव कुठेही टिपू नकोस. त्या रात्री वॉर्डात बाळंतिणी किती, सिस्टर किती, एका बीपीला पट्टा बांधण्यापासून लिहिण्यापर्यंत किती मिनिटं लागली, आणि चालू पट्टे किती होते, हे लिही. चढलेलं बीपी तुला दिसलं तर वही बाजूला ठेव आणि हाक मार. सुपरिंटेंडेंटना अर्ज करताना ‘चुका’ हा शब्द घालू नकोस, ‘मनुष्यबळ’ घाल. एथिक्स कमिटीला हे सगळं लिहून दे. रात्रपाळीच्या सिस्टरांना आधी भेट, चहा घेऊन जा, त्यांनाच विचार की काय मोजलं तर तुमच्या कामी येईल. ती म्हणाली, हे शेवटचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते माझ्याही डोक्यात इथे आल्यावर आलं. विडीवाल्या बायकांना मी ते कधी विचारलं नाही.

ग्रुपवर मी दाजींना एवढंच लिहिलं: ‘पोरीला तिचा विषय करू द्या. आणि कृपा करून माझं उदाहरण देऊ नका, कारण मी फोनवर सांगेन.’ त्यांनी वाचलंय, निळ्या खुणा दिसतात. फोन अजून आलेला नाही. आला की त्यांनाही सगळं सांगणार आहे.

काल भाचीने एक फोटो पाठवला. आईच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून तिने माझी फील्डची वही शोधून काढली. तांबडं कव्हर, कडेला वाळवीने खाल्लेलं. क्रमांक १ ते ६०, नावांऐवजी खुणा, पुढे पहिल्या आणि दुसऱ्या भेटीची तारीख. अकरा ठिकाणी दुसरी तारीख नाही. तिथे माझ्याच अक्षरात, शाईच्या पेनाने: ‘आली नाही. विड्या.’